सपोर्ट काढला म्हणजे काय? लिनक्स, जुने संगणक आणि आपण

(लोणावळ्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातले वळण शक्यतो तसेच ठेवले आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न दिले आहेत.)



विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, हे संगणकवाल्यांचं आपापसातलं प्रकरण आहे. तसं नाही. ज्यांच्या दुकानात, शाळेत, वाचनालयात किंवा पतसंस्थेत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संगणक अजून चालतोय, आणि लिनक्स घातलंय म्हणूनच चालतोय, त्या सगळ्यांचं हे प्रकरण आहे.

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ प्रसिद्ध झालं. डेबियन ही लिनक्सची एक जुनी आणि प्रतिष्ठित डिस्ट्रो. तिच्या निवेदनात एक मुद्दा असा होता की, ३२-बिट पीसीसाठी यापुढे कर्नल दिलं जाणार नाही आणि इन्स्टॉलरही दिला जाणार नाही. तुमचं यंत्र फक्त ३२-बिट असेल तर या आवृत्तीवर येऊ नका, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. हे एका दिवसात झालेलं नाही. का झालं, कुणी केलं, आणि आपण काय करायचं, एवढंच आज बोलू.

आधी शब्द नीट करून घेऊ

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क यांच्याशी थेट बोलतं ते कर्नल. तुमचा ब्राउझर किंवा लिबरऑफिस हे सगळे कर्नलमार्फत काम करून घेतात.

डिस्ट्रो म्हणजे कर्नल घेऊन, त्याच्याभोवती हजारो प्रोग्रॅम गोळा करून, एकमेकांशी जुळवून, तयार संच देणारा प्रकल्प. डेबियन, फेडोरा, उबुंटू या डिस्ट्रो. आपल्या सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. त्या सी-डॅकनं ‘बॉस’ नावाची भारतीय डिस्ट्रो काढली, तिचा पाया डेबियनच.

आता इंद्रायणी आठवा. उगम आपल्या कुरवंड्याला, मग कामशेत, देहू, आळंदी. लिनक्सचं मूळ कर्नल म्हणजे कुरवंडे. डेबियन म्हणा कामशेतला. उबुंटू, बॉस, मिंट ही त्याच्या खालच्या अंगाची गावं. वर बंधारा घातला की खाली पाणी कमी होणारच. खालच्या गावानं आपली विहीर खणली तर गोष्ट वेगळी, पण विहीर खणायला माणसं लागतात.

तिसरा शब्द, डीफॉल्ट कर्नल. मूळ कर्नलमध्ये शेकडो यंत्रांसाठीचा कोड असतो. डिस्ट्रो त्यातला कुठला भाग चालू ठेवायचा, कमीत कमी कुठला प्रोसेसर धरायचा, हे ठरवून एक कर्नल बांधते आणि सगळ्यांना तेच देते. म्हणून ‘सपोर्ट काढला’ हे वाक्य दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरलं जातं. मूळ कर्नलमधून कोड पुसला, हा एक अर्थ. कोड तिथेच आहे, पण आमच्या डीफॉल्ट कर्नलमध्ये आम्ही तो घेत नाही, हा दुसरा. डेबियन १३ चा प्रकार दुसरा आहे. मूळ कर्नल ३२-बिट यंत्रांवर अजूनही बांधता येतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

पायरी पायरीनं

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच लिनसनं ३८६ चा कोड कर्नलमधून काढायला मंजुरी दिली, आणि फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून ज्या जातीच्या यंत्रावर लिनक्स जन्मलं त्याच यंत्रावर ते चालेनासं झालं. कारण काय? एका जागेतली किंमत तपासायची आणि जुळली तर त्याच झटक्यात बदलायची, अशी एक सूचना ४८६ पासून प्रोसेसरमध्ये आली. ३८६ मध्ये ती नाही. मग ३८६ साठी प्रत्येक ठिकाणी वेगळी आडवाट ठेवावी लागायची, आणि ती आडवाट बाकी सगळ्यांच्या कोडमधून जायची.

डेबियनच्या पायऱ्या बघा. २०१३ च्या आवृत्तीत ४८६ साठी कर्नल मिळत होतं. २०१५ मध्ये किमान पातळी ५८६ झाली, म्हणजे पहिल्या पेंटियमच्या जातीची. २०१७ मध्ये ६८६, म्हणजे पेंटियम प्रोपासून पुढची. २०२३ मध्ये त्यातलेही काही गळाले. आणि २०२५ मध्ये ३२-बिट कर्नलच बंद. दर वेळी थोडेच लोक बाहेर पडतात, त्यामुळे आवाज फारसा होत नाही.

‘काही करू नको’ या सूचनेची गोष्ट

२०२३ ची पायरी मला सगळ्यात बोलकी वाटते. घाट उतरलं की कर्जत. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. हिरवा-पांढरा, लहान मुलांच्या हातात मावणारा तो एक्सओ लॅपटॉप काहींना आठवत असेल. त्यात एएमडीचा जिओड एलएक्स प्रोसेसर होता, ४३३ मेगाहर्ट्झचा. मेमरी २५६ एमबी. वीज अगदी कमी खायचा. वर चालायचं लिनक्स, फेडोरावर आधारलेलं.

आता हा जिओड जवळजवळ ६८६ आहे. जवळजवळच. प्रोसेसरला एक सूचना असते, इंग्रजीत तिला ‘नोप’ म्हणतात. अर्थ एवढाच की काही करू नको, पुढे चल. कोडमध्ये मोकळी जागा भरायला ती लागते. तिचं एक लांब रूप आहे. पेंटियम प्रो आणि नंतरच्या बहुतेक प्रोसेसरना ते कळतं. जिओडला कळत नाही.

बरीच वर्षं यानं काही बिघडलं नाही. मग सुरक्षेसाठी कंपायलरमध्ये नवी सोय आली. कोडमध्ये जागोजागी खुणा ठेवायच्या, म्हणजे हल्लेखोराला मधेच उडी मारता येणार नाही. त्या खुणा अशा निवडल्या की नव्या प्रोसेसरला त्या खुणा म्हणून कळतील आणि जुन्याला त्या लांब ‘नोप’सारख्या वाटतील, म्हणजे तो दुर्लक्ष करून पुढे जाईल. कल्पना हुशारीची आहे. फक्त ज्या प्रोसेसरला लांब ‘नोप’च ठाऊक नाही, तो तिथे पोचला की ‘ही सूचना मला माहीत नाही’ म्हणून थांबतो आणि प्रोग्रॅम कोसळतो.

डेबियन १२ नं ठरवलं की किमान प्रोसेसरला ही सूचना कळलीच पाहिजे. जिओड बाहेर. कुणी त्या लॅपटॉपवर राग धरला नव्हता. इतर लाखो लोकांची सुरक्षा वाढवण्याचा निर्णय होता, आणि त्याची किंमत मूठभर यंत्रांनी दिली. असे निर्णय बहुतेक वेळा याच प्रकारचे असतात.

खर्च कुठे होतो?

लोक विचारतात, कोड लिहून झालाय ना? मग पडून राहिला तर बिघडलं कुठे?

पडून राहिलेला कोड कुजतो. आजूबाजूचं सगळं बदलत असतं. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. दर वेळी जुन्या यंत्रावर कुणीतरी ती चालवून बघितली पाहिजे, बिघडलं तर शोधलं पाहिजे, दुरुस्त केलं पाहिजे.

फेडोराचं उदाहरण घ्या. ३२-बिट कर्नल मुख्य चमूला झेपेना, तेव्हा त्यांनी ते सरळ बंद केलं नाही. ज्यांना हवंय त्यांनी पुढे यावं, असा गट केला. काही आवृत्त्या तशा गेल्या. पण तपासणी फार थोडी होत होती आणि मूळ कर्नलकडून येणाऱ्या अडचणी साचत होत्या. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये फेडोरा ३१ पासून ३२-बिट कर्नल बांधणंच थांबलं. वापरणारे होते, सांभाळणारे नव्हते.

याचा धोका किती खरा असतो ते २०१८ मध्ये दिसलं. जानेवारीत ‘मेल्टडाउन’ हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला. एका प्रोग्रॅमला कर्नलच्या मेमरीत डोकावता येईल, असा. ६४-बिट कर्नलसाठी बचाव त्याच महिन्याच्या ४.१५ आवृत्तीत आला. ३२-बिटसाठी तोच बचाव मुख्य कर्नलमध्ये आला ऑक्टोबरमध्ये, ४.१९ मध्ये. नऊ महिने. त्या काळात ३२-बिट कर्नल घेणाऱ्याला वाटत होतं, आपल्याला सपोर्ट आहे. कागदावर होताही.

मेमरीचाही प्रश्न आहे. ३२ बिटांत ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मावतात. त्यातली साधारण ८९६ एमबी मेमरी कर्नल सरळ हाताळू शकतं. त्यापुढची मेमरी तात्पुरती जोडायची, वापरायची, सोडायची, अशी कसरत. ही कसरत मेमरीच्या सगळ्या कोडमध्ये पसरलेली आहे. ६४-बिटला तिची गरजच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. सपोर्ट ही कोडची गोष्ट कमी आणि वचनाची जास्त. ‘हे यंत्र आम्ही तपासतो, दोष निघाला तर आम्ही दुरुस्त करू’ असं ते वचन. ते पाळणारी माणसं उरली नसतील तर वचन मागे घेणं हे न पाळता चालू ठेवण्यापेक्षा प्रामाणिक आहे. पण ते मागे घेतल्यावर भार कुणावर पडतो, हेही बघायला हवं.

घाटातली इंजिनं

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. खंडाळ्याचा घाट आहे.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढ ३७ फुटांमागे एक फूट. १९३० च्या आसपास हा मार्ग विजेवर गेला, १५०० व्होल्ट डीसी. त्या काळची मालगाडीची इंजिनं, रेल्वेतली माणसं ज्यांना ‘खेकडा’ म्हणायची, ती या घाटात वर्षानुवर्षं राबली. देशात बाकीकडे पुढे २५,००० व्होल्ट एसी आलं. मुंबई-पुण्याचा पट्टा मात्र डीसीवरच राहिला. मग टप्प्याटप्प्यानं बदल झाला, आणि मुंबईच्या हार्बर लाइनवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावून थांबली. ज्या इंजिनाला फक्त डीसी कळतं, त्याला आज या रुळांवर वीज नाही. इंजिन कितीही ठणठणीत असो.

मधल्या काळात रेल्वेनं काय केलं? दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं आणली. डब्ल्यूसीएएम हे नाव काहींनी इंजिनावर वाचलं असेल. त्यातला ‘सी’ डीसीचा आणि ‘ए’ एसीचा. घाटात गाडीला मागून रेटणारे बँकर म्हणूनही त्यांनी काम केलं. जुन्या तारेखाली चालायचं, नव्या तारेखालीही.

लिनक्समध्येही असा पूल आहे. ६४-बिट कर्नलवर ३२-बिट प्रोग्रॅम चालतात. डेबियन १३ नं ३२-बिटचे प्रोग्रॅम पूर्ण काढलेले नाहीत, फक्त ते ६४-बिट यंत्रावर चालवायचे. तुमचं एखादं जुनं सॉफ्टवेअर ३२-बिट असेल तर ते वाचतं. तुमचं यंत्रच ३२-बिट असेल तर नाही.

आणि इथेच रेल्वेची उपमा संपते. रेल्वेनं जुनं इंजिन काढलं तेव्हा नवं इंजिनही रेल्वेनंच आणलं. आपण तिकीट काढून बसलो. डिस्ट्रो सपोर्ट काढते तेव्हा नवं यंत्र आणायचं असतं तुम्ही. पुण्यातल्या आयटी कंपनीला ते खिजगणतीतही नाही. पण समजा, नाणे मावळातली एक शाळा आहे, देणगीत आलेले आठ जुने संगणक आहेत, आणि मुलं त्यांच्यावरच मराठी टंकलेखन शिकतात. तिथे या निर्णयाचं वजन वेगळं आहे. आणि त्या शाळेला तो निर्णय कळतोच असंही नाही.

मग करायचं काय?

पहिलं, आपलं यंत्र ओळखा. टर्मिनलमध्ये एल-एस-सी-पी-यू ही अक्षरं जोडून लिहा आणि एंटर मारा. ‘सीपीयू ऑप-मोड’ या ओळीत ६४-बिट लिहिलेलं आहे का ते बघा. असेल तर बहुधा तुमची सुटका आहे. अनेक संगणक ६४-बिट असतात, पण कधीकाळी कुणीतरी ३२-बिट लिनक्स घातलेलं असतं. त्यांना नवं यंत्र नको, फक्त ६४-बिट डिस्ट्रो नव्यानं घालायची. डेटाची प्रत आधी काढून ठेवा, कारण ३२ वरून ६४ वर सरळ अपग्रेड होत नाही.

नावांत फसू नका. इंटेलचा ‘कोअर ड्युओ’ ३२-बिट आहे, ‘कोअर टू ड्युओ’ ६४-बिट. दोन्ही २००६ चेच. २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधला ॲटम एन-२७० हा ३२-बिट, २०१० चा एन-४५० हा ६४-बिट.

दुसरं, तारीख लिहून ठेवा. डेबियन १२ ला नियमित सुरक्षा अपडेट तीन वर्षं, म्हणजे जून २०२६ पर्यंत. त्यानंतर दीर्घकालीन सपोर्टचा वेगळा गट काम पुढे नेतो, पण निवडक प्रकारच्या यंत्रांसाठीच. आपलं यंत्र त्या यादीत आहे का, ते बघायचं.

तिसरं, दुसऱ्या विहिरी शोधा. अँटीएक्स २३ ही डेबियन १२ वर आधारलेली हलकी डिस्ट्रो ३२-बिटमध्ये मिळते. अल्पाइन लिनक्स आहे. लिनक्सचा हट्ट नसेल तर नेटबीएसडी आहे, जुनी यंत्रं सांभाळण्यासाठीच ती ओळखली जाते.

चौथं, वेळेवर बोला. २०१२ च्या सुमारास उबुंटूनं ‘पीएई’ नावाची सोय नसलेले प्रोसेसर बाद केले. काही पेंटियम एम प्रोसेसरमध्ये ती सोय होती, पण प्रोसेसर ती जाहीरच करत नव्हता. कर्नल म्हणायचं, तुझ्यात नाही, चल बाहेर. वापरणाऱ्यांनी पाठपुरावा केला आणि उबुंटू १४.०४ पर्यंत ‘फोर्स-पीएई’ हा पर्याय कर्नलला मिळाला. ही यंत्रं वाचली, कारण कुणीतरी तपासलं आणि सांगितलं.

आणि ६४-बिटवाल्यांनी फार निर्धास्त होऊ नये. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ नं २०२२ मध्ये ६४-बिटमधलेच सुरुवातीचे प्रोसेसर बाद केले. २०२५ च्या आवृत्ती १० ला लागणारी पातळी इंटेलनं २०१३ च्या सुमारास आणली, आणि त्यानंतर विकल्या गेलेल्या कितीतरी स्वस्त सेलेरॉनमध्ये ती नाहीच. रेड हॅटच्याच कोडवर आधारलेल्या अल्मालिनक्सनं मात्र आवृत्ती १० मध्ये जुन्या पातळीसाठी वेगळा संच ठेवला. वरचं गाव नाही म्हणालं तरी खालचं गाव हो म्हणू शकतं, ते असं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, माझा संगणक छान चालतोय. अपडेट केलंच नाही तर काय बिघडेल?

आज काहीच नाही. उद्या सकाळीही तो सुरू होईल. पण इंटरनेटला जोडलेला असेल तर नवे दोष उघड होत राहतील आणि तुमच्याकडे दुरुस्ती येणार नाही. बँकेचं काम, आधारचं काम, विद्यार्थ्यांची माहिती अशा यंत्रावर ठेवू नका. नेटवर्कची तार काढा, आणि टंकलेखन शिकायला, वाचनालयाची यादी ठेवायला खुशाल वापरा. एक गोष्ट मात्र आहे. ३२-बिट यंत्रणेत वेळ जुन्या पद्धतीनं मोजली असेल तर १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, तो आकडा भरतो आणि तारीख १९०१ मध्ये जाते. डेबियननं इतर ३२-बिट यंत्रांसाठी हे दुरुस्त केलं, पण ३२-बिट पीसीसाठी मुद्दाम केलं नाही, कारण जुने प्रोग्रॅम चालावेत हाच आता त्याचा उद्देश आहे.

प्रश्न : हे नवी यंत्रं खपवण्याचं कारस्थान नाही का?

डेबियन संगणक विकत नाही. तिथले बहुतेक स्वयंसेवक आहेत. व्यापारी डिस्ट्रोचं गणित वेगळं असू शकतं. त्यांचे ग्राहक नवे सर्व्हर वापरतात, त्यांना वेग हवा असतो. कारस्थान नाही म्हणेन, पण तो निर्णय घेताना मावळातली शाळा त्यांच्या डोळ्यांसमोर नसते, हे खरं.

प्रश्न : कोड अजून आहे म्हणालात. मग ३२-बिट कर्नल आम्ही कॉलेजची मुलं स्वतः बांधू शकतो?

बांधू शकता, आणि जरूर बांधा. चांगल्या यंत्रावर तासाभराचं काम आहे, शिकायलाही खूप मिळेल. पण एकदा बांधणं सोपं. ते दुसऱ्या कुणाला वापरायला दिलंत की पुढच्या महिन्यात सुरक्षेची दुरुस्ती आली की परत बांधायचं, जुन्या यंत्रावर चालवून बघायचं, मग त्या शाळेत जाऊन घालायचं. परीक्षा असली तरी. तुमची बॅच पास होऊन गेली की पुढच्या बॅचनं. हे जमणार असेल तर आठ संगणकांपासून सुरुवात करा. जमणार नसेल तर त्या शाळेला आजच सांगा, म्हणजे त्यांना दुसरी सोय बघायला वेळ मिळेल.